फायटर की रोग, ग्रेटसोर्ड की ग्रेटअ‍ॅक्स: पाचव्या लेव्हलचा डॅमेजचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. तुमचा फायटर पाचव्या लेव्हलला पोचलाय, स्ट्रेंग्थ १८, हातात ग्रेटसोर्ड, फायटिंग स्टाइल ग्रेट वेपन. शेजारच्या मैत्रिणीचा रोग (चपळ, चोरटं पात्र) एका फटक्यात वीस-पंचवीस काढतो आणि तुमचा आकडा बाराच्या आसपास घुटमळतो. म्हणून तुम्ही विचारताय की क्लास (पात्राचा पेशा) चुकला का, ग्रेटअ‍ॅक्स घ्यावी का, ढाल घ्यावी का, आणि डीएम (खेळ चालवणारा) चौथ्या लेव्हलचा निर्णय बदलू देतोय तर स्ट्रेंग्थऐवजी ग्रेट वेपन मास्टर हे फीट (खास कौशल्य) घ्यावं का. (रोग हा शब्द देवनागरीत लिहिला की डोळ्यांसमोर आजारच येतो, पण टेबलावर सगळे तोच शब्द वापरतात, तेव्हा चालवून घ्या.)

क्लास चुकलेला नाही. तुम्ही एका फटक्याची तुलना करताय, आणि तुलना करायची असते एका टर्नची. तीही समोर कोण उभा आहे ते धरून. शस्त्रावर छापलेला फासा हा या हिशेबातला सगळ्यात छोटा आकडा असतो. वार किती होतात आणि त्यातले लागतात किती, यावरच बहुतेक सगळं ठरतं.

आधी मोजमाप ठरवू. पाचव्या लेव्हलला प्रोफिशियन्सी (लेव्हलनुसार मिळणारा बोनस) +३ आणि १८ च्या स्ट्रेंग्थचे +४, म्हणजे वार करताना +७. समोर ट्रोल धरू, कारण त्याचा एसी, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, १५ आहे आणि या लेव्हलला तो भेटतोच. वीस बाजूंच्या फाशावर ८ किंवा जास्त पडलं की वार लागतो, म्हणजे २० पैकी १३ वेळा, ६५ टक्के. वीस पडला की क्रिट, त्यात फक्त फासे दुप्पट होतात, +४ दुप्पट होत नाही. म्हणून एका वाराची सरासरी काढताना लागण्याची शक्यता गुणिले डॅमेज, अधिक ०.०५ गुणिले फाशांची सरासरी. एवढं सूत्र पुरतं. वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

आता तुमची ग्रेटसोर्ड. २डी६, म्हणजे सहा बाजूंचे दोन फासे, त्यांची सरासरी ७. तुमच्या स्टाइलमुळे १ किंवा २ पडलेला फासा पुन्हा एकदा टाकता येतो, त्यामुळे प्रत्येक डी६ ची सरासरी ३.५ वरून ४.१७ वर जाते आणि दोघांची मिळून ८.३३ होते. अधिक ४, म्हणजे लागलेला फटका १२.३३. याचे ६५ टक्के म्हणजे ८.०२, क्रिटचे ०.४२, मिळून ८.४३. पाचव्या लेव्हलला फायटरचे वार दोन, म्हणून टर्नला १६.९.

रोगचं गणित करू. रेपियर डी८, डेक्स्टेरिटीचे ४, रोगचा खास जादा डॅमेज स्नीक अ‍ॅटॅक ३डी६. लागलेला फटका सरासरी १९, आणि फासे जरा चांगले पडले की तुम्हाला दिसणारे पंचवीस. पण वार एकच. १९ चे ६५ टक्के १२.३५, क्रिटचे ०.७५, म्हणजे टर्नला १३.१. तुमच्यापेक्षा जवळपास चारने कमी. शिवाय शंभरातल्या ३५ टर्नमध्ये रोगच्या हाती भोपळा येतो, तर तुमचे दोन्ही वार चुकण्याची शक्यता बारा टक्क्यांच्या आसपास आहे. मोठे आकडे लक्षात राहतात आणि भोपळे विसरले जातात, त्यामुळे टेबलावर चित्र उलटं दिसतं.

मात्र हे १३.१ रोगचं शेवटचं उत्तर नाही. दोन हातांत दोन शॉर्टसोर्ड घेतल्या तर स्नीक अ‍ॅटॅक लागायला दोन संधी मिळतात. स्नीक टर्नला एकदाच लागतो, पण दोहोंपैकी एक तरी वार लागण्याची शक्यता ८८ टक्क्यांपर्यंत जाते आणि टर्नची सरासरी १७.४ होते, तीही दुसऱ्या हाताच्या वाराला डेक्स्टेरिटीचे ४ न मिळता. किंमत काय? बोनस अ‍ॅक्शन. टर्नमधली ती एकच छोटी जादा कृती खर्च झाली की वार करून सटकणं, लपणं, धावणं यातलं काही त्या टर्नला जमत नाही, आणि चामड्याच्या चिलखतातला रोग ट्रोलच्या पंज्यासमोर उभा राहतो. तुमच्या डीएमने २०२० चा स्टेडी एम हा पर्याय मान्य केला असेल तर जागचं न हलता बोनस अ‍ॅक्शन देऊन अ‍ॅडव्हान्टेज घेता येतो. म्हणजे वाराचे दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा. मग रेपियरचीच सरासरी १८.१ होते आणि शॉर्टबो घेऊन लांबून मारलं तरी १७.२. माझ्या मते मैत्रिणीने हेच करावं. एक चूक मात्र फार टेबलांवर दिसते: रोगला लाँगसोर्ड चालवता येते, पण तिच्यावर स्नीक अ‍ॅटॅक मिळत नाही. शस्त्र फिनेस (डेक्स्टेरिटीवर चालवता येणारं) असावं लागतं नाहीतर लांब पल्ल्याचं.

ग्रेटसोर्ड की ग्रेटअ‍ॅक्स हा प्रश्न फायटरसाठी लवकर संपतो. डी१२ ची सरासरी ६.५ आहे, २डी६ ची ७. तुमच्या स्टाइलने फरक आणखी वाढतो, कारण बारा बाजूंच्या फाशावर १ आणि २ कमी वेळा पडतात: ग्रेटअ‍ॅक्स ७.३३, ग्रेटसोर्ड ८.३३. तुम्ही ग्रेटसोर्ड सोडू नका.

ग्रेटअ‍ॅक्स शोभते ती बार्बेरियनच्या हातात, आणि तीही लगेच नाही. नवव्या लेव्हलला बार्बेरियनला क्रिटवर शस्त्राचा एक फासा जादा मिळतो. ग्रेटअ‍ॅक्सला तो डी१२ असतो, ग्रेटसोर्डला फक्त डी६. रेकलेस अ‍ॅटॅक करून कायम अ‍ॅडव्हान्टेज घेतला तरी, वार निम्म्याहून जास्त वेळा लागत असतील तोवर एका जादा फाशाने ग्रेटसोर्डच पुढे राहते. दोन जादा फासे झाले, म्हणजे तेरावी लेव्हल किंवा नवव्या लेव्हलचा हाफ-ऑर्क, की अ‍ॅडव्हान्टेज असताना ग्रेटअ‍ॅक्स पुढे जाते. पहिल्या लेव्हलपासून “बार्बेरियन म्हणजे कुऱ्हाड” असं जे सांगतात त्यांचं म्हणणं चित्रापुरतं खरं आहे.

ढालीचा प्रश्न जास्त रंजक आहे आणि इथे नुसता डॅमेज बघून चालत नाही. लाँगसोर्ड एका हातात आणि ड्युएलिंग स्टाइल धरली तर फटका ४.५ अधिक ४ अधिक २, म्हणजे १०.५. टर्नची सरासरी १४.१. ग्रेटसोर्डपेक्षा २.८ कमी. आता ट्रोलकडून बघा. त्याचे तीन वार: चावा सरासरी ७, दोन पंजे प्रत्येकी ११, तिन्हीला +७. चेनमेलमध्ये तुमचा एसी १६, तर तो ९ वर लागतो, ६० टक्के. ढाल घेतली की एसी १८, आणि तो लागतो ५० टक्के. तिन्ही वार मिळून २९ चा एक दशांश, म्हणजे २.९ हिट पॉइंट टर्नला वाचले. देणं २.८, घेणं २.९, म्हणजे बरोबरीच. म्हणून निर्णय पार्टीवर सोडावा लागतो. समोरच्या रांगेत तुम्ही एकटेच असाल आणि सगळे वार तुमच्यावरच येत असतील तर ढाल घ्या. शेजारी पॅलाडिन किंवा बार्बेरियन मार वाटून घेत असेल तर तुमची ढाल निम्मा वेळ रिकामी बसते, तिथे ग्रेटसोर्ड बरी. लढत लवकर संपली तर शत्रूचे वारही कमी होतात, हा मुद्दा ग्रेटसोर्डच्या बाजूने धरायचा. आणि ड्युएलिंग स्टाइल तुमच्याकडे आज नाही हेही लक्षात ठेवा. ती नसेल तर ढालीबरोबरची सरासरी ११.५ वर घसरते आणि व्यवहार तोट्याचा होतो. डीएम फीट बदलू देतोय तर स्टाइलही बदलू देईल का, ते आधी विचारा.

आता ग्रेट वेपन मास्टर. जड शस्त्राने वार करण्याआधी सांगायचं की पाच वजा करतो, लागला तर दहा जादा. दहाचा आकडा बघून सगळे भुलतात. पण तुम्ही फीट घेतलं तर चौथ्या लेव्हलची स्ट्रेंग्थवाढ गेली, म्हणजे स्ट्रेंग्थ १६, +६, आणि पाच वजा करून +१. ट्रोलला लागायला १४ पडावे लागतात, ३५ टक्के. फटका २१.३३, त्याचे ३५ टक्के ७.४७, क्रिटसह ७.८८, दोन वारांचे १५.८. फीट नसताना १६.९ होते! क्रिट पडला किंवा शत्रू पडला तर बोनस अ‍ॅक्शनने एक वार मिळतो. क्रिटच्या वाटेने त्याचे टर्नला पाऊणएक पॉइंट धरले तरी गाडी १६.५ वर अडते. छोटे शत्रू पटापट पडत असतील तर तो जादा वार अधिक वेळा येतो, ही फीटची खरी जमेची बाजू.

समोरचा बदलला की उत्तर बदलतं. ओगरचा एसी फक्त ११ आहे. तिथे १८ ची स्ट्रेंग्थ टर्नला २१.८ देते आणि फीटवाला २४.३. हॉबगॉब्लिनचा एसी १८. तिथे स्ट्रेंग्थवाल्याचे १३.२, आणि फीटवाल्याने शहाणपणा करून पाच वजा न करता साधे वार केले तरी ११. पार्टीत क्लेरिक असेल आणि तो लढाईच्या सुरुवातीलाच ब्लेस टाकत असेल तर प्रत्येक वारात डी४, सरासरी अडीच, वाढतात. मग ट्रोलसमोरही फीट २१.१ आणि स्ट्रेंग्थ २० असा कल फिरतो. तेव्हा मला उलट तुम्हाला विचारावं लागेल: तुमचा क्लेरिक ब्लेस टाकतो की कॉन्सन्ट्रेशन (एका वेळी एकच मंत्र टिकवणारं लक्ष) दुसऱ्याच मंत्रावर अडकवून ठेवतो?

फायटरला सहाव्या लेव्हलला आणखी एक वाढ मिळते, जी बाकी कुठल्या क्लासला त्या लेव्हलला नाही. म्हणून क्रम असा ठेवा: चौथ्याला स्ट्रेंग्थ १८, सहाव्याला ग्रेट वेपन मास्टर. दोन्ही झाल्यावर ट्रोलसमोर १८.७ पडतात, ब्लेस नसतानाही. चौथ्या लेव्हलचा निर्णय बदलू नका, एक लेव्हल थांबा.

फीट हाती आल्यावर पाच कधी वजा करायचे? तुमच्या वाराच्या आकड्यातून साध्या फटक्याच्या डॅमेजचा निम्मा वजा करा आणि त्यात १६ मिळवा. शत्रूचा एसी त्याहून कमी असेल तर करा. तुमचं ७ वजा ६.२ अधिक १६, म्हणजे साधारण १६.८. एसी १६ पर्यंत बेधडक, १७ पासून साधा वार. अ‍ॅडव्हान्टेज असेल तर ही रेषा आणखी वर सरकते. म्हणूनच हे फीट खरं फळतं ते बार्बेरियनला: रेज आणि रेकलेस दोन्ही चालू असताना स्ट्रेंग्थ १८ आणि ग्रेटसोर्डने तो फीटशिवाय २४.२ काढतो, आणि स्ट्रेंग्थ १६ वर फीट घेऊन, क्रिटच्या जादा वारासह, २९ च्या वर जातो. पण त्याच टर्नला शत्रूलाही त्याच्यावर अ‍ॅडव्हान्टेज मिळतो, हे आकड्यात दिसत नाही.

बाकीच्यांचं पटकन सांगतो. दोन शॉर्टसोर्ड आणि टू-वेपन स्टाइलचा फायटर १५.२ वर थांबतो आणि बोनस अ‍ॅक्शन कायमची गहाण ठेवतो. २०१४ च्या नियमांत हा मार्ग फायटरला पाचव्या लेव्हलनंतर मागेच पडतो. ग्लेव्ह (लांब दांड्याचं शस्त्र) आणि पोलआर्म मास्टर हे फीट, व्हेरियंट ह्यूमन असल्याने स्ट्रेंग्थ १८ सांभाळून घेतलं तर १८.७, वर दहा फुटांचा पल्ला. लाँगबो आणि आर्चरी स्टाइलने १३.२, पण दीडशे फुटांवरून, मार न खाता. त्यात रेंजरने हंटर्स मार्क टाकला तर १८.८. वॉरलॉकचा एल्ड्रिच ब्लास्ट, अ‍ॅगोनायझिंग ब्लास्टसह, १२.९, आणि हेक्स लावला की १७.८. म्हणजे पाचव्या लेव्हलला नीट बांधलेले बहुतेक जण १३ ते १९ च्या पट्ट्यात येतात. दोनएक पॉइंटांसाठी क्लास बदलण्यात अर्थ नाही.

पॅलाडिन आणि विझर्ड या पट्ट्यात बसत नाहीत, कारण त्यांचा डॅमेज दिवसाच्या शिध्यातून येतो. पाचव्या लेव्हलच्या पॅलाडिनकडे मंत्रांचे पहिल्या पातळीचे चार आणि दुसऱ्या पातळीचे दोन स्लॉट. सगळे डिव्हाइन स्माइटमध्ये, म्हणजे लागलेल्या वाराच्या जादा डॅमेजमध्ये, घातले तर दिवसाचे सरासरी ६३. दिवसात एकच चार राउंडची लढाई असेल तर आठ वारांतले पाचेक लागतात, पाच स्लॉट उडतात आणि टर्नला साडेतेरा जादा पडतात, तेव्हा तोच सगळ्यांचा बाप. दिवसात अशा तीन लढाया झाल्या तर तेच ६३ बारा राउंडांत वाटून टर्नला सव्वापाच उरतात. स्माइट वार लागल्यानंतर ठरवायचा असतो, म्हणून स्लॉट क्रिटसाठी राखणारा पॅलाडिन हुशार. विझर्डचा फायरबॉल ८डी६, सरासरी २८, शत्रूचा सेव्ह (बचावाचा फासा) जमला तर निम्मा. चार शत्रूंमधले दोन वाचले तरी एका अ‍ॅक्शनमध्ये ११२ पैकी ८४. गॉब्लिनला मात्र हिट पॉइंट सातच, म्हणजे त्या ८४ पैकी दोन तृतीयांश वाया. तुमच्या साडेबाराच्या फटक्यालाही हेच लागू: गॉब्लिनवर साडेपाच फुकट गेले.

म्हणून तुमच्या डीएमची पद्धत महत्त्वाची. २०१४ च्या नियमपुस्तकात दिवसाला सहा ते आठ लढायांचा अंदाज धरलाय, पण शनिवारी संध्याकाळी तीन तास खेळणाऱ्या टेबलावर एक-दोनच होतात. तिथे फायटर फिका वाटणार. तुमचा अ‍ॅक्शन सर्ज छोट्या विश्रांतीनंतर परत मिळतो, आणि त्याने दुप्पट वार होतात, म्हणून त्या टर्नला सरासरी ३३.७ पडतात. डीएमला दोन लढायांच्या मधे तासभराची विश्रांती देत जा म्हणून सांगा. तुमच्या शस्त्रात काही न बदलता एवढ्याने सगळ्यात जास्त फरक पडेल.

शस्त्राच्या निवडीत एक गोष्ट या सगळ्या दशांशांवर पाणी फिरवते, ती म्हणजे जादूचं शस्त्र. +१ लाँगसोर्ड सापडली आणि ड्युएलिंग असेल तर सरासरी १६.६, म्हणजे साध्या ग्रेटसोर्डएवढीच, वर ढालीचे दोन एसी. गार्गॉइलसारख्या राक्षसांवर बिनजादूच्या शस्त्राचा डॅमेज निम्मा होतो, तुमचे १६.९ तिथे साडेआठ उरतात. वेअरवुल्फला तर बिनजादूचं, चांदी न चढवलेलं शस्त्र काहीच इजा करत नाही. अशा वेळी “माझी बांधणी ग्रेटसोर्डची आहे” हा हट्ट धरू नका. सांगाड्यांशी गाठ असेल तर साधा मॉल बरोबर ठेवा. त्यांना बोथट माराचा दुप्पट त्रास होतो आणि मॉलही २डी६ च आहे, तुमच्या स्टाइलसकट.

तुमचं टेबल २०२४ च्या नियमांवर गेलं तर यातले काही आकडे बदलतील. तिथे ग्रेट वेपन मास्टरचं पाच वजा, दहा अधिक गेलं. त्याजागी अ‍ॅटॅक अ‍ॅक्शनमधल्या जड शस्त्राच्या फटक्याला प्रोफिशियन्सी बोनस मिळतो, आणि फीटबरोबर स्ट्रेंग्थ एकने वाढवता येते. तुमच्या स्टाइलमध्ये १ आणि २ चे ३ धरले जातात, म्हणून ग्रेटसोर्डची सरासरी ८.३३ वरून ८ वर येते. पण ग्रेटसोर्डची मास्टरी (शस्त्राचा खास गुण) ग्रेझ, म्हणजे वार चुकला तरी स्ट्रेंग्थचे ४ लागतात: ३५ टक्के गुणिले ४, दोन वारांचे २.८ नव्याने मिळाले. मैत्रिणीचाही फायदा आहे. एका हातात शॉर्टसोर्ड आणि दुसऱ्यात निक मास्टरीची सिमिटर घेतली की दुसरा वार बोनस अ‍ॅक्शन न खाता होतो, मग ती वार करून सटकूही शकते. डिव्हाइन स्माइट मात्र तिथे बोनस अ‍ॅक्शनचा मंत्र झालाय, टर्नला एकदाच.

तुम्ही शेवटी विचारलंत की उडणाऱ्या शत्रूसाठी लाँगबो घ्यावी का. तुमची डेक्स्टेरिटी १२ असेल तर +४ वर ट्रोलइतक्या एसीला फक्त ५० टक्के लागेल. त्यापेक्षा जॅव्हलिन घ्या. अर्धं सोन्याचं नाणं एकाला, स्ट्रेंग्थवर चालतात, तीस फुटांपर्यंत पूर्ण अचूकता. फक्त नियम काटेकोर पाळणारा डीएम एका टर्नमध्ये एकच जॅव्हलिन उपसू देतो, तेव्हा एक आधीच हातात धरून टर्न सुरू करायचा. ग्रेटसोर्ड तेवढा वेळ दुसऱ्या हातात नुसती धरून ठेवली तरी चालते. दोन हात फक्त तिने वार करताना लागतात.